मुशीचा मागचा दांडा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मी काय सर्कशीतली बाई आहे?

डीन विदोरने आज खोलीत बोलावलं. दर सहामाहीला मुलांची मतं मागवतात, ती वाचून दाखवली. ओतकामाच्या प्रयोगशाळेबद्दल एकाने लिहिलंय — ‘बाई फार सुंदर ओततात. आम्ही बघतो.’ दुसरा महाभाग — ‘तिकीट लावलं तरी येऊ.’ विदोर हसला. मग हसू आवरून म्हणाला, “शारोल्ता, मुलं नुसती बघतच असतील तर भट्टी पेटवायची कशाला? एकदा चित्रफीत काढून ठेवू. दरवर्षी तीच दाखवू. गॅस वाचेल, विम्याची कटकट जाईल.”

चार डिसेंबरला बाहेरची समिती येणार आहे. नेमका संत बोर्बालाचा दिवस, आम्हा ओतकामवाल्यांचा सण! मुलं खरंच हाताने शिकतात असं त्यांना दिसलं तर भट्टी राहणार. नाहीतर नवीन वर्षापासून माझ्या प्रयोगशाळेत पडदा आणि खुर्च्या.

हाताने शिकत नाहीत? माझ्या मुलांच्या नखांतली काळी वाळू बघ म्हणावं! जिन्यात टांगलेल्या घंटा बघ! दर बोर्बालाच्या दिवशी तिसरं वर्ष एक काशाची घंटा ओततं. मी इथे आल्यापासून एकही फुकट गेलेली नाही. एकाही घंटेला खड्डा नाही, चीर नाही. असं छातीवर हात ठेवून सांगणारी दुसरी कोण आहे या देशात?

कॅन्टीनमध्ये गेर्झोनकाकांना हे सगळं ऐकवलं. भट्टी सांभाळून त्यांची हयात गेली, माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. सूप भुरकत म्हणाले, “घंटा तुझ्याच आहेत गं शारी. पोरांची नुसती नावं कोरलीयत त्यांच्यावर.”

मी माझं ताट तसंच ठेवून उठले.

१६ ऑक्टोबर

आज सरावाचं ओतकाम. मूस, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, दोघांनी उचलायची असते. मधे कडं, त्यात रसरसलेली मूस, दोन्हीकडे दांडे. पुढचा माणूस नुसतं पेलतो. मागचा दांडा फिरवतो, म्हणजे खरं ओततो तो मागचा. मागचा दांडा कायम माझा.

आज मुद्दाम झोंबोरला दिला. अंगाने रेड्यासारखा, तोंडाने त्याहून मोठा. “बाई, हे काय, सासूला सूप वाढण्याइतकं सोपं!” उचलली मूस, चार पावलं गेला, आणि त्याचा कोपर वर गेला. कोपर वर गेला की धार तुटते. मी दांडा घेतला. घेणारच! धातू काय थांबतो कुणासाठी?

धार अशी पडली — पोळीवर तूप पडावं तशी. भरला साचा. मी वळून बघितलं तर सगळे भिंतीला ओळीने उभे. हात मागे बांधलेले. झोंबोरसुद्धा.

बघत होते.

१ नोव्हेंबर

आईबाबांच्या थडग्यावर शेवंती ठेवली. ओट्टोने मेणबत्त्या लावल्या, वाऱ्याने विझल्या, पुन्हा लावल्या. नवरा म्हणून त्याच्यात शंभर खोड्या असतील, पण मेणबत्तीच्या बाबतीत चिवट माणूस.

येताना वाटेत ठरवलं — बोर्बालाच्या दिवशी मुलांना मागचा दांडा द्यायचा. निम्म्यापर्यंत. उरलेलं मी ओतेन.

५ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितेय. कोंबडी नाचून गेल्यासारखं अक्षर. काल मनगट मोडलं. उजवं. कपाटावर वासासाठी बिहीची फळं मांडली होती, ती उतरवत होते. स्टूल सरकलं. फळं पडली, त्यांच्यावर मी पडले.

सहा आठवडे प्लास्टर. हात गळ्यात, झोळीत.

चार डिसेंबर त्याच्या आत येतो.

७ नोव्हेंबर

विदोर फोनवर — “मग यंदा ओतकाम रद्दच करू या. समितीला जुनी छायाचित्रं दाखवू.” आवाजात सुटकेचा निःश्वास! मी म्हणाले, “मुलं ओततील.” तोंडातून गेलं ते गेलं.

ओट्टो कोटाची बटणं लावून देतो. पोटावरचं बटण लावताना काहीतरी पुटपुटतो. मी ऐकत नाही.

११ नोव्हेंबर

सराव — मुशीत पाणी भरून. प्रयोगशाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि बादलीत ओतायचं. झोंबोरने निम्मं पाणी बुटांत ओतलं. “बाई, हे काय मूस आहे की गळकं छप्पर?” बर्नाबाश बोलत नाही, पण त्याचंही तेच. तापमान बघायला त्याच्यासारखा दुसरा नाही. हाताने मात्र लोणी.

मी ओरडत होते — हळू! नको, जरा जास्त! आता थांबू नको! अरे तसं नाही, असं! आणि ‘असं’ म्हणून दाखवायला हात नाही. झोळीत प्लास्टर नुसतं हललं.

कामिलाने विचारलं, “असं म्हणजे कसं, बाई?”

मला सांगता येईना! इतकी वर्षं शिकवतेय आणि त्याला शब्दच नाहीत माझ्याजवळ. हात करत होता, तोंडाला कधी काम पडलंच नाही. लाज वाटली. रात्री जेवताना ओट्टोला चमच्याने सूप ओतायला लावलं आणि तो नेमकं काय करतोय ते बोलून बघितलं. सूप गार झालं. तो चिडला.

१३ नोव्हेंबर

शब्द सापडले थोडे. ‘कोपर बरगडीला चिकटव. मुशीचा ओठ साच्याच्या भोकावर टेकल्यासारखा ठेव, पण टेकवू नको. धार सुरू झाली की डोळे धारेवर नाहीत, भोकावर.’ एवढं सांगितल्यावर फरशी निम्मीच ओली झाली!

१८ नोव्हेंबर

आज मी रुसले.

मुलांनी आपापसात ठरवून टाकलं की मागचा दांडा कामिला धरणार. मला न विचारता! कामिला म्हणजे दीड वीत मुलगी. खेड्यातून आलेली, जाड चष्मा, टोपीतून नुसतं नाक दिसतं. मी म्हणाले, “वजन पेलेल का तुला?” झोंबोर म्हणाला, “वजन मी पेलतो ना पुढून, बाई. बैल मी, गाडीवान ती.”

मग करून दाखवलं. मुशीत काठोकाठ पाणी. कामिला तोंडातल्या तोंडात गाणं गुणगुणत होती, मुलं सणाला गातात तेच, शेवटचं कडवं जरा आचरट आहे. त्याच्या चालीवर दांडा फिरत गेला. एक थेंब सांडला नाही.

“गाणं कशाला?” मी विचारलं.

“मधे थांबायचं नाही ना, बाई. गाणं मधेच थांबवता येत नाही.”

हे मी शिकवलेलं नाही. हे तिचं आहे. मी रुसून घरी आले, आणि घरी आल्यावर ओट्टोला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “रुसलीयस की मिरवतेयस?”

२५ नोव्हेंबर

साच्याची वाळू मुलांनी स्वतः चाळली, भिजवली, ठोकली. मी खुर्चीवर. डावा हात मांडीखाली दाबून बसले. शप्पथ! नाहीतर तोही पुढे जातो.

बर्नाबाशने साच्याचा कोपरा ढासळवला. मी तोंड उघडलं. मिटलं. त्याने स्वतःच बघितलं, शिवी हासडली, माझ्याकडे बघून लाल झाला आणि पुन्हा ठोकायला बसला. आधीपेक्षा चांगला ठोकला.

३ डिसेंबर

आज दुपारी हाताचा एक्स-रे होता, म्हणून अर्ध्यातून निघावं लागलं. शेवटचा लेप मुलांवर सोडून आले. काळी भुकटी स्पिरिटमध्ये कालवायची, साच्याला आतून लावायची आणि काडी लावायची. निळी ज्योत आतून फिरते, स्पिरिट जळून जातं, लेप कोरडा होतो. तिघांनी पन्नास वेळा केलंय. झोंबोरचा संध्याकाळी फोन — “लेप झाला बाई, ज्योत काय सुरेख आली! साच्याची पेटी बंद केली.”

हाड जुळतंय.

४ डिसेंबर, बोर्बालाचा दिवस

सगळं लिहायचं आहे. डावा हात गेला तरी चालेल.

सकाळी गेर्झोनकाकांनी भट्टी पेटवली. बाहेर बर्फाचा भुगा पडत होता, साचा गारठू नये म्हणून खालून मंद ज्योत लावून ठेवलेली. समितीचे तिघे आले. अध्यक्षबाई केस पिकलेल्या, कोट काढलाच नाही. त्यांना पिवळ्या रेघेमागे खुर्च्या दिल्या. विदोर नव्या टायमध्ये. आमच्या रीतीप्रमाणे सगळे एका सुरात ओरडलो — “नशीब साथ देवो!” अध्यक्षबाई दचकल्या.

बर्नाबाशने तापमान ओरडून सांगितलं. रसावरची मळी काढून झाली. मुशीतला रस पिकल्या संत्र्यासारखा. झोंबोर पुढे, कामिला मागे, तोंडावर काचेचे मुखवटे. उचलायच्या आधी कामिला साच्याच्या भोकावर वाकली, शेवटचं बघून घ्यायला. वाकली ती वाकलीच.

“थांबा,” ती म्हणाली.

मी म्हणाले, “काय थांबा? रस थंड होईल! उचला!”

“बाई, माझ्या काचेवर वाफ धरली.”

“तुझ्याच श्वासाने!”

“मी श्वास रोखला होता, बाई.”

विदोर खाकरला. समितीतला एक जण घड्याळाकडे बघत होता. एवढ्या लोकांपुढे, एवढ्या वर्षांत, माझ्या भट्टीसमोर मला कुणी थांबा म्हटलेलं नाही. मी आवाज चढवला. “कामिला, मी सांगतेय. ओत.”

पण तिने दांडा खाली ठेवला. हळूच, आवाज न करता. “साच्यात ओल आहे. मी नाही ओतणार.”

हे मला लिहिलंच पाहिजे. माझा उजवा हात धड असता तर मी तिच्याकडून दांडा घेतला असता. मुलांकडून नेहमी घेते, तसाच. आणि ओतलं असतं. ओल्या साच्यात काशाचा रस गेला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि सगळा रस वर फेकला जातो. साच्याच्या शेजारी बर्नाबाश उभा होता. बर्नाबाशची आई दर सणाला मला खसखशीची गुंडाळी करून पाठवते.

बर्नाबाश एक शब्द न बोलता खिडकीत पडलेला गार पाना घेऊन आला आणि भोकावर धरला. पान्यावर दव. बारीक बारीक थेंब, सगळ्यांना दिसले.

मग झोंबोरचा मुखवटा वर गेला. कानापर्यंत लाल. “बाई... काल स्पिरिट संपलं होतं.”

“मग?”

“मग आजोबांची पालिंका होती पिशवीत. घरची, अलुबुखाराची. आजसाठी आणली होती. म्हटलं ती पण पेटते. आणि बोर्बालालाही तिचा घोट पोचेल.” आणि वर, “ज्योत खरंच सुरेख आली होती, बाई.”

“किती टक्क्यांची?”

“पन्नास. आजोबा साठ सांगतात.”

गेर्झोनकाका कळवळले. “गाढवा, म्हणजे अर्धं पाणी! दारू जळून गेली, पाणी वाळूने प्यायलं. आणि घरची पालिंका वाळूला पाजलीस? मी काय मेलो होतो?”

आधी अध्यक्षबाई हसल्या. मग सगळेच. मी नाही हसले. मी खुर्ची शोधत होते.

मग मुलांनी काय काम केलं! मूस पुन्हा भट्टीत. पेटी उघडली, पालिंकेचा लेप खरवडून काढला, ज्योत फिरवून साचा आतून बाहेरून वाळवला. बर्नाबाश दर थोड्या वेळाने गार पाना आणून धरत होता — दव आहे, दव आहे, कमी आहे, नाही. गेर्झोनकाकांनी कुठूनतरी खरं स्पिरिट पैदा केलं. नवा लेप, नवी ज्योत. समिती दोन तास पोगाचाचे खारे पाव खात बसली. एकही जण उठून गेला नाही. मी एकही सूचना दिली नाही, कारण कुणी विचारलीच नाही.

मग त्यांनी मूस उचलली. झोंबोर बैलासारखा पुढे, कामिला मागे, कोपर बरगडीला. मुखवट्याआडून ते आचरट गाणं. धार लागली. सुरुवातीला जराशी अडखळली — माझा जीव गेला! — आणि मग सरळ. साचा भरून वरच्या भोकांतून रस डोकावला, लालभडक, शांत. कामिलाने दांडा सरळ केला आणि कडवं पुरं केलं. अध्यक्षबाईंसमोर. सगळं कडवं.

टाळ्या वाजल्या. मी एका हाताने कशा वाजवणार? मांडीवर थापा मारत होते आणि रडत होते. अभिमानाने रडत होते, दुसरं काही नाही. माझी पोरं! माझी!

अध्यक्षबाई जवळ आल्या. “थांबा कोण म्हणालं, ते मी बघितलं. ओत कोण म्हणालं?”

विदोर घाईघाईने, “त्याचं काय आहे, प्रात्यक्षिकात कधीकधी —”

“मी म्हणाले,” मी सांगितलं. “दोनदा.”

त्यांनी माझ्या झोळीकडे बघितलं. मग विदोरकडे. “चित्रफितीत कुणी थांबलं नसतं,” म्हणाल्या आणि शेवटची पोगाचा उचलली.

५ डिसेंबर

साचा फोडला. घंटेच्या खांद्यावर नखाएवढा खड्डा आहे, धार जिथे अडखळली तिथे. आवाज जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. माझ्या कुठल्याच घंटेला असा खड्डा नाही.

कामिला खड्ड्यावरून बोट फिरवत म्हणाली, “घासून काढू का, बाई?”

मी म्हणाले, “हात लावशील तर बघ!”

जिन्यात टांगली. जाता-येता वाजवते. आज चार वेळा काही काम नसताना जिन्याने गेले.

झोंबोरने गेर्झोनकाकांना पालिंकेची नवी बाटली आणून दिली. काका म्हणाले, “आधी काडी लावून बघतो, पाणी किती ते.” लावली नाही. सरळ प्याले.

११ डिसेंबर

विदोरचा फोन. भट्टी राहणार! समितीने वर लिहिलंय की अशी प्रयोगशाळा बाकीच्यांनीही बघावी. “मी पहिल्यापासून म्हणत होतो,” म्हणाला. म्हण बाबा, म्हण. आज मी कुणावरही चिडणार नाही.

चिडले. ओट्टोवर, बटणावरून.

१२ डिसेंबर

कामिलाला वऱ्हांड्यात गाठून सांगितलं — तू ऐकलं नाहीस ते बरं केलंस. ती घाबरली, तिला वाटलं मी टोमणा मारतेय. मला कौतुक करता येत नाही की काय? दुसऱ्यांदा सांगितलं. मग तिने चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. म्हणाली, “बाई, मला वाटलं होतं तुम्ही दांडा काढून घ्याल.”

मी म्हटलं, घरी जा, बर्फ वाढतोय.

१६ डिसेंबर

प्लास्टर निघालं! उजव्या हाताने लिहितेय. अक्षर बघा कसं आहे, मोत्यासारखं! हात पांढराफटक, जरा बारीक, पण मूठ घट्ट वळते. डॉक्टर म्हणाले, हाड आधीपेक्षा मजबूत, आता खुशाल वजन उचला. ओट्टोने झोळीची घडी करून खणात टाकली. कोटाची सगळी बटणं मी स्वतः लावली. परवा दुसऱ्या तुकडीचं ओतकाम. आठ नवी पोरं, एकाचाही कोपर जागेवर राहत नाही. घरी लाटणं घेऊन मनगट फिरवून बघितलं. सगळं जसंच्या तसं आहे, कुठे काही विसरलेलं नाही.

१८ डिसेंबर, सकाळ

ओट्टोला म्हटलं, ती झोळी काढ आणि बांध माझ्या गळ्यात.

त्याने खण उघडला. “अगं, हात बरा झालाय ना?”

“म्हणून तर बांध.”

त्याने गाठ घट्ट मारली.